मिरजेतली स्पीच थेरपी : एका अडखळणाऱ्या मेडिकलवाल्याचा अनुभव

क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, लिफ्ट नाही. पहिल्या तपासणीचे हजार रुपये, पुढे दर सत्राला सातशे. अपॉइंटमेंट व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून मिळते. फोनवर स्वतःचं नाव सांगताना ज्याला घाम फुटतो त्याला ही सोय किती मोठी आहे ते विचारा. थेरपिस्ट मॅडमनी नाव टाकू नका म्हणून बजावलंय, आधीच वेटिंग आहे म्हणाल्या, त्यामुळे नाव देत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि स्पीच थेरपीच्या पाट्याही बऱ्याच दिसतात. त्यातली चांगली जागा कशी ओळखायची ते मात्र सांगतो.

माझं जयसिंगपूरला मेडिकल दुकान आहे. वय चाळिशीच्या पुढं. शाळेत जायच्या आधीपासून अडखळतोय. माझी गाडी 'प' आणि 'क'वर अडते. आमच्यासारखी माणसं शब्द बदलण्यात तरबेज असतात. 'पैसे' अडायला लागलं की 'रक्कम' म्हणायचं, 'परवा' नको वाटलं की 'दोन दिवसांनी' म्हणायचं, समोरच्याला पत्ता लागत नाही. पण मेडिकलवाल्यानं काय करायचं? पॅरासिटामॉल, पॅन्टोप्राझोल, प्रेगाबालिन, क्लोपिडोग्रेल, कार्वेडिलॉल. निम्मं कपाट 'प' आणि 'क'चं, आणि औषधाच्या नावाला दुसरा शब्द नसतो. स्टॉकिस्टला ऑर्डर मी मेसेजवर टाकायचो. तातडीचं असलं की बायको फोन लावायची. ती माहेरी गेली की गिऱ्हाईकाला 'उद्या येईल' सांगायचं.

थेरपीला जायचं कारण मी नव्हे, माझा पुतण्या. चार वर्षांचा आहे. तो 'म-म-म-मला' करायला लागल्यावर वहिनी त्याला घेऊन गेल्या, त्यांना सोडायला मी गेलो आणि मॅडम मलाच म्हणाल्या, "तुम्ही कधी येताय?"

पहिल्या सत्रात त्यांनी माझी जीभ बघितलीच नाही, तिथंच मला बरं वाटलं. आमच्याकडं सगळ्यांचा डोळा जिभेवर. आईनं लहानपणी वेखंड उगाळून चाटवलं, अक्कलकारा मधात कालवून जिभेला चोळला. त्यानं जीभ बधिर होते, तोंडाला पाणी सुटतं, बाकी काही होत नाही. एका नातेवाइकानं जिभेखालचा बंध कापून घ्या म्हणून आग्रह धरला होता. बंध खरोखर आखूड असला तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण अडखळण्याशी त्याचा संबंध नाही. आणि हे खूळ आपलंच आहे असंही नाही. बर्लिनचा नामांकित सर्जन डिफेनबाख यानं १८४१ साली तोतऱ्या माणसांच्या जिभेची फाकच कापून काढायचा उद्योग केला होता, तोही भूल नसलेल्या काळात.

मॅडमनी विचारलं, शाळेत सगळ्यांबरोबर प्रतिज्ञा म्हणताना अडखळायचात का? नाही. गणपतीच्या आरतीत? नाही. गाणं म्हणताना? नाही. दुकान बंद करून एकटेच हिशेब पुटपुटताना? तेव्हाही नाही. मग जीभ तीच, ओठ तेच, फरक कुठं पडतो? इथून त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून पाऊण तास समजावलं. माझं बी.फार्म. झालंय म्हणून असेल, पण त्या पाऊण तासाचे मी दोन हजारही दिले असते.

बोलायचं म्हणजे छाती, स्वरयंत्र, टाळू, जीभ, ओठ यांच्या हालचाली सेकंदाच्या बारीक भागात एकापाठोपाठ एक जुळवाव्या लागतात. बहुतेकांच्या मेंदूत हे काम डाव्या बाजूला चालतं. ऐकण्याचा भाग, बोलण्याची आखणी करणारा भाग आणि स्नायू हलवणारा भाग एकमेकांना तंतूंच्या जुड्यांनी जोडलेले असतात. २००२ साली जर्मन संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं की अडखळणाऱ्या प्रौढांमध्ये डाव्या बाजूच्या या जुड्यांचा एक पट्टा, तोंड आणि घशाचे स्नायू सांभाळणाऱ्या भागाच्या अगदी खालचा, इतरांइतका नीट बांधलेला नसतो. नंतर लहान मुलांच्या मेंदूचे स्कॅन झाले, त्यांतही असे फरक दिसले. म्हणजे वर्षानुवर्षं अडखळून मेंदू बदलला, एवढंच कारण देऊन भागत नाही.

दुसरी गोष्ट आणखी खोलात आहे, बेसल गँग्लिया नावाच्या गाठींमध्ये. सवयीच्या हालचालींना 'हा तुकडा संपला, आता पुढचा सुरू कर' असा इशारा तिथून मिळतो. माझ्यासारख्याच्या बाबतीत तो इशारा वेळेवर निघत नाही असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. शब्द माहीत असतो, तो कसा म्हणायचा तेही माहीत असतं, फक्त 'प'मधून बाहेर पडून पुढच्या स्वरावर जायचा हुकूम येत नाही. ओठ मिटलेले ते मिटलेलेच. लेझमीत ढोलावर पाय आपोआप पडतो, तसं आरतीत किंवा प्रतिज्ञेत ताल बाहेरून मिळतो, आतल्या इशाऱ्यावर विसंबावं लागत नाही. मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर बोललं की अडखळणं जातं ते याच कारणानं, असं मानलं जातं. १९९६ साली अमेरिकेत मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा 'पेट' स्कॅन करून पाहिलं तेव्हा अडखळणाऱ्यांच्या मेंदूची उजवी बाजू प्रमाणाबाहेर काम करताना दिसली, आणि त्यांना दुसऱ्याबरोबर एकसुरात वाचायला लावल्यावर तो गोंधळ बराच निवळला. उजवी बाजू हे दुखणं आहे की डावीकडची उणीव भरून काढायची धडपड, यावर अजून वाद चालू आहे.

२०२४ सालचा एक अभ्यास मॅडमनी आवर्जून सांगितला. पक्षाघातानंतर अचानक अडखळायला लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत इजा वेगवेगळ्या ठिकाणी होती, पण त्या सगळ्या जागा एकाच जाळ्याशी जोडलेल्या निघाल्या, आणि त्या जाळ्याच्या मध्यभागी होता डाव्या बाजूचा पुटामेन, म्हणजे बेसल गँग्लियाचाच भाग. लहानपणापासून अडखळणाऱ्यांमधले फरकही त्याच जाळ्याशी जुळले. इथं मेडिकलवाला म्हणून एक सांगून ठेवतो. मोठ्या माणसाचं बोलणं एकाएकी अडखळायला लागलं तर स्पीच थेरपिस्ट शोधत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या. तो पक्षाघात असू शकतो. औषधानंही होतं कधीकधी, क्लोझापिनबाबत तर अशा नोंदी आहेत.

'घाबरतो म्हणून अडखळतो' हे मी आयुष्यभर ऐकलं. भीतीनं अडखळणं वाढतं, यात शंका नाही, पण सुरुवात भीतीतून होत नाही. माझे थोरले काका अडखळायचे, आत्येभाऊ अडखळतो. २०१० साली अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाला पाकिस्तानातल्या अशाच एका कुटुंबावरून सुरुवात करून तीन जनुकं सापडली. कॉलेजात लायसोसोम, म्हणजे पेशीतली कचरा जिरवणारी पिशवी, शिकलेल्यांना गंमत वाटेल. ही जनुकं एन्झाइमला 'लायसोसोमकडं जा' अशी खूण चिकटवायचं काम करतात. पेशीच्या कचरा विल्हेवाटीचा बोलण्याशी काय संबंध? ते पुरतं उलगडलेलं नाही, पण तसाच बदल केलेल्या उंदरांच्या पिलांच्या आवाजात लांब लांब खंड पडतात. ही जनुकं थोड्याच लोकांत सापडतात, बाकीच्यांचं गणित बऱ्याच जनुकांत वाटलेलं आहे. आईला मी एवढंच सांगितलं, की तू सातव्या महिन्यात ग्रहण बघितलंस त्याचा यात काही हात नाही. तिला पटलं नसावं.

आता थेरपीबद्दल. याच्या आधी एका मोठ्या शहरात खात्रीशीर गुण येणार म्हणून निवासी शिबिर केलं होतं. तिथं बोटानं मांडीवर ठोका धरून, प्रत्येक अक्षर लांबवत बोलायला शिकवतात. शेवटच्या दिवशी सगळे स्टेजवर एकदाही न अडखळता भाषण करतात, त्याचं शूटिंग होतं आणि तेच जाहिरातीला वापरतात. ताल बाहेरून दिला की अडखळणं थांबतं हे वर आलंच आहे. प्रश्न असतो घरी आल्यावरचा. मी त्या लांबवलेल्या आवाजात बोलायला लागल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही रडताय का?" दिवाळीपर्यंत सगळं मूळपदावर. पैसे परत मिळत नाहीत, वर 'तुमची साधना कमी पडली' हेही ऐकून घ्यावं लागतं.

लांबवून, हळुवार सुरुवात करून बोलणं ही पद्धत खोटी नाही. अभ्यासांत तिचा उपयोग दिसलाय, आणि मिरजेच्या मॅडमही ती थोडी वापरतात. पण त्यांचा भर दुसऱ्या वाटेवर आहे, चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी थेरपिस्टनं घालून दिलेल्या. तो स्वतः अडखळायचा. इथं पहिलं काम अडखळणं लपवायचं सोडून द्यायचं.

त्यांनी टेबलावर हाताएवढा आरसा ठेवला आणि 'पॅन्टोप्राझोल' म्हणायला लावलं. अडकलो. "तिथंच थांबा. सोडू नका. कुठं कुठं घट्ट झालंय ते बघा." मी आरशात बघितलं. ओठ असे दाबलेले की कडा पांढऱ्या पडलेल्या. गळ्याची शीर वर आलेली. श्वास कोंडलेला. आणि हे आरशात दिसत नव्हतं, पण डावा गुडघा टेबलाच्या पायाला जोरात टेकवलेला. इतकी वर्षं दुकानात काउंटरची फळी त्याच जागी झिजली आहे, ती कशानं ते तेव्हा कळलं. मग म्हणाल्या, "आता शब्द पुरा करायची घाई नको. आधी गुडघा सोडा. आता श्वास सोडा. आता ओठ नुसते टेकलेले ठेवा, दाबू नका." आणि शब्द निघाला. अडखळतच निघाला, पण सैल. अडकलेल्या शब्दातून असं बाहेर येणं हा या थेरपीचा गाभा. त्याच्या आधीची पायरी म्हणजे अडखळलेला शब्द पुरा झाला की क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैलसर पुन्हा म्हणायचा. ऐकायला सोपं वाटतं. संध्याकाळच्या गर्दीत, समोर पाच माणसं चिठ्ठ्या नाचवत असताना करून बघा.

दुसरं अस्त्र म्हणजे मुद्दाम अडखळणं. मॅडमनी मला खालच्या बेकरीत पाठवलं, मुद्दाम 'प-प-प-पाव' मागायला. त्या स्वतः दारात उभ्या. मी मागितला. बेकरीवाल्यानं मोबाइलमधून मान वरही केली नाही. "किती?" म्हणाला. चाळीस वर्षं मी ज्या नजरेला भीत होतो ती नजर त्या माणसाला आमच्यावर खर्च करायलाही वेळ नव्हता. पुढं मॅडमनी हेच फोनवर करायला लावलं, स्टॉकिस्टला. तो पठ्ठ्या मात्र हसला. मी सांगितलं, "मी अडखळतो, जरा वेळ लागेल, पण नाव पूर्ण ऐकून घ्या, नाहीतर दुसरंच औषध पाठवाल." तेव्हापासून गप्प ऐकतो.

ॲपबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडं. आपलाच आवाज कानात किंचित उशिरा ऐकवणारी ॲप मिळतात. १९५० च्या सुमारास बर्नार्ड ली या अमेरिकी माणसाच्या लक्षात आलं की नीट बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा ऐकवला तर तो अडखळायला लागतो. आमच्यासारख्यांत बहुतेकदा उलटं होतं, ५० ते १०० मिलिसेकंदांच्या उशिरानंही अडखळणं कमी होतं, जणू कुणी आपल्याबरोबर बोलतंय. हेच तंत्र कानातल्या यंत्रात घालून अमेरिकेत २००१ पासून विकलं जातं, किंमत हजारो डॉलर. मोबाइलचं ॲप फुकट किंवा काहीशे रुपयांत येतं, पण वायरचे इअरफोन घ्या. ब्लूटूथ स्वतःच उशीर लावतं, मग ॲपमध्ये ७५ लावलेत तरी कानात किती पडतं त्याचा भरवसा नाही. घरी मोठ्यानं वाचायचा सराव करायला मला ॲप चांगलं वाटलं. दुकानात वापरणं जमत नाही, पंख्याचा आणि रस्त्याचा आवाजही कानात दोनदा येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, मॅच नंतर ऐका." शिवाय असर सगळ्यांवर सारखा होत नाही, आणि सवय झाली की ओसरतो असंही बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

औषधांचं माझ्या धंद्यातलं सांगतो. अडखळण्यात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा हात असावा असा अंदाज आहे, म्हणून डोपामिन अडवणारी औषधं वापरून बघितली गेली. जुनं हॅलोपेरिडॉल, मग रिस्पेरिडोन, ओलान्झापिन. काहींचं अडखळणं कमी झालंही. पण हॅलोपेरिडॉलनं अंग आखडतं, हात थरथरतात, ओलान्झापिननं वजन आणि साखर चढते. अडखळण्यासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं आजवर एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. ही औषधं मी रोज विकतो, पण मनोविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर आणि वेगळ्याच दुखण्यांसाठी. काउंटरवर येऊन 'पोराचं बोलणं सुटायची गोळी द्या' म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. डोक्याला सौम्य करंट देण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये झाला, २०१८ साली त्याचा निकाल आला. ३० पुरुष, पाच दिवस, सोबतीला एकसुरात आणि ठोक्यावर बोलण्याचा सराव, आणि काही आठवडे फरक टिकला. आशा वाटावी असं आहे, पण आज कुणी त्याचं पॅकेज विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

क्लिनिकच्या तक्रारीही आहेत. सगळी मांडणी पोरांसाठी. भिंतीवर हत्ती-ससे, आणि बसायला गुडघ्याएवढ्या रंगीत खुर्च्या. माझ्यासारख्या ऐंशी किलोच्या माणसानं तिथं अर्धा तास बसून दाखवावं. घरी करायच्या सरावाचे कागद सगळे इंग्रजीत. पहिल्या दिवशी वाचायला दिलेला उतारासुद्धा इंग्रजी, त्यात मी अडखळलो ते निम्मं इंग्रजीमुळंच. मी बोललो तेव्हा मॅडमनी लगेच टेबलावरचा पेपर पुढं केला आणि त्यातली बाजारभावाची बातमी वाचून घेतली, ते ठीक, पण मराठी मुलखात मराठी उतारा तयार असायला हवा. संध्याकाळी सातनंतरची वेळ मिळत नाही, दुकानदाराला ती मोठी अडचण.

फरक काय पडला? मी अजून अडखळतो. व्हिडिओ काढून शंभर अक्षरांत किती वेळा अडकलो ते मोजतात, तो आकडा निम्म्याच्या खाली आलाय. मला त्या आकड्याचं फारसं नाही. ऑर्डरचे फोन मी लावतो, बायको माहेरी निवांत राहते.

निवडताना एक बघा. थेरपिस्टकडं भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी असावी लागते, क्रमांक मागा, द्यायला कुणी रागावणार नाही. 'शंभर टक्के बरं करतो' म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. फी झेपत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. मुंबईकडच्यांना वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. शंभरातली पाचएक मुलं लहानपणी अडखळतात आणि त्यातली बहुतेक, चारातली तीन तरी, आपोआप सुधारतात. मोठ्यांत शेकडा एक उरतो, आणि त्यातही चार पुरुषांमागे एक बाई. म्हणून 'थांबा, जाईल आपोआप' हा सल्ला अगदीच खोटा नाही. पण घरात आधीच कुणी अडखळणारं असेल, मुलगा असेल आणि सहा महिने-वर्ष उलटलं असेल, तर थांबू नये असं मॅडम सांगतात. त्याच्यावर लिडकोंब पद्धत चालू आहे, ऑस्ट्रेलियात सिडनीला तयार झालेली. यात थेरपी देते ती आईच. रोज थोडा वेळ खेळताना तो नीट बोलला की 'किती छान बोललास' म्हणायचं, कधीमधीच अडखळल्याचं हलकेच सांगायचं, आणि दिवसभरात किती अडखळला त्याचा रोज एक आकडा वहीत लिहायचा. वहिनींची वही बघितली, आकडे उतरताहेत. आजी मधेच 'सावकाश बोल रे, श्वास घे' करते, तिला मात्र आवरावं लागतं. शाळकरी वयाच्या आतल्या मुलांसाठी या क्लिनिकला पाचपैकी पाच, मोठ्यांसाठी चार, एक त्या खुर्च्यांपायी कापला. शनिवारची सकाळ लहान मुलांना राखून असते आणि ती पहिल्यांदा भरते, तेव्हा मेसेज आठवड्याच्या सुरुवातीलाच टाका.